दोन लिटर पेट्रोल, शंभर लिटर समुद्र

पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांत मिळून सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर पाणी आहे. शर्यतीच्या बोटीवरची एक आउटबोर्ड मोटर मिनिटाला साधारण १०० लिटर पाणी पिते. त्या एका मोटरीच्या पोटातून सगळे महासागर एकदा फिरवून काढायचे म्हटले, तर २५ लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. त्याच्या अठराशे पट. एवढं पाणी पायाशी असताना हीच मोटर मिनिटाभरात तहानेने मरू शकते. आणि पाणी जास्त झालं म्हणूनही मरते, ही त्याहून मोठी गंमत. जोरकस मोटरीच्या पाण्यात फेरफार करणाऱ्या मेकॅनिकांचा निम्मा जन्म पाणी आत घेण्यात जातो आणि उरलेला निम्मा ते बाहेर फेकण्यात.

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवलेलं अख्खं इंजिन. वर सिलिंडर, मध्ये लांब मान, खाली पाण्यात टॉर्पेडोच्या आकाराची गिअरकेस आणि तिच्या मागे पंखा. मोटारगाडीसारखा रेडिएटर इथे नसतो. गिअरकेसच्या दोन्ही बाजूंना जाळीदार भोकं असतात. तिथून पाणी आत येतं, रबरी इम्पेलर ते वर ढकलतो, सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्यांतून फिरून ते तापतं आणि एक्झॉस्टबरोबर पुन्हा समुद्रात जातं. ज्याचं त्याला परत. त्यातली एक बारीक धार मागच्या बाजूने उडत राहते. तारकर्ली-देवबागला पर्यटकांना फिरवणारा बोटवाला मोटर चालू केली की मान वळवून आधी ती धार बघतो. मोटर पाणी मारते आहे ना, मग बाकीचं सगळं नंतर.

ओले एविनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिराने १९०९ साली मिल्वॉकीत विकायला काढलेली मोटर दीड हॉर्सपॉवरची होती आणि तिचं वजन होतं ६२ पौंड, म्हणजे २८ किलो. २०२१ साली मर्क्युरी कंपनीने १२ सिलिंडरांची, ७.६ लिटरची, ६०० हॉर्सपॉवरची आउटबोर्ड बाजारात आणली. ताकद ४०० पट. पण डोकं गरगरवणारे आकडे या धिप्पाड मोटरीत नाहीत. ते आहेत तिच्या एक तृतीयांश आकाराच्या एका चिडक्या मोटरीत: फॉर्म्युला वन पॉवरबोटींवर वर्षानुवर्षं लागत आलेली मर्क्युरीचीच अडीच लिटरची, सहा सिलिंडरांची टू-स्ट्रोक. ताकद ४०० हॉर्सपॉवरच्या आसपास, मिनिटाला फेरे दहा हजारांच्या वर, बोटीचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर. २०१८ च्या नोव्हेंबरात या बोटी विजयवाड्याजवळ कृष्णेच्या पात्रात धावल्या. महाबळेश्वराहून निघालेली नदी तिथे या मोटरींच्या पोटातून जाऊन पुढे बंगालच्या उपसागराला मिळाली.

आता या मोटरीची आग किती ते पाहू. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडरमध्ये एक स्फोट. मिनिटाला दहा हजार फेरे, सहा सिलिंडर: सेकंदाला १,००० स्फोट. ताशी सुमारे १२० लिटर इंधन जळतं, म्हणजे मिनिटाला २ लिटर. एका स्फोटाच्या वाट्याला पेट्रोलचा पुरता एक थेंबही येत नाही. तरी सेकंदाला हजारदा तो पाऊण थेंब पेटला की एकूण उष्णता होते हजार किलोवॉटच्या थोडी वर. त्यातले ३०० किलोवॉट पंख्याला मिळतात. जवळपास निम्मी उष्णता एक्झॉस्टमधून निघून जाते. राहिलेले २०० किलोवॉट, कमीजास्त, धातूत शिरतात, आणि ते काढून नेणं हे पाण्याचं काम.

घरातला गिझर दोन किलोवॉटचा असतो. असे शंभर गिझर एकदम चालू, आणि तेही केवढ्या जागेत? त्या सिलिंडरांचा व्यास ८८.९ मिलिमीटर, पिस्टनची धाव ६७.३ मिलिमीटर. सहाही सिलिंडरांच्या भिंती आणि माथे उलगडून पसरले तर क्षेत्रफळ भरतं ०.१५ चौरस मीटर, शाळेच्या वहीची दोन-तीन पानं. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला एक किलोवॉट देतं. इथे तेच प्रमाण हजारावर जातं. आतल्या वायूचं तापमान क्षणभर २,००० अंशांच्या पुढे असतं आणि पिस्टन ज्या अॅल्युमिनियमचा असतो ते ६६० अंशांच्या आतच वितळतं. पिस्टन टिकतो तो एवढ्याच कारणाने की उष्णता त्याच्यात मुक्कामाला थांबत नाही.

हे २०० किलोवॉट वाहून न्यायला पाणी किती? पाणी ३० अंशांनी आत आलं आणि ६० अंशांनी बाहेर पडलं असं धरा. सेकंदाला १.६ लिटर. मिनिटाला १०० च्या जरा खाली. एक लिटर पेट्रोल जाळायचं तर ५० लिटर पाणी मोजावं लागतं.

इथवर प्रश्न साधा आहे: पुरेसं पाणी वर चढवा. साध्या मोटरीत हे काम मुठीत मावणारा एक रबरी इम्पेलर करतो. पाच-सहा पाकळ्या, जराशा तिरक्या बसवलेल्या भांड्यात. मोटर हळू चालत असते तेव्हा पाकळ्या एका बाजूला दुमडतात, दुसऱ्या बाजूला उलगडतात आणि पाण्याचे घोट पुढे सारतात. फेरे वाढले की पाण्याचाच दाब पाकळ्यांना आत रेटून धरतो, त्या भिंतीला टेकेनाशा होतात आणि तोच पंप पाणी गरगरा फिरवून बाहेर फेकायला लागतो. एकाच वस्तूत दोन पंप, तेही कुठलंही बटण न दाबता. आउटबोर्डमधली मला सर्वांत आवडणारी वस्तू ही. तिला एकच वैरी: कोरडं फिरणं. मोटर जमिनीवर ठेवून पाण्याशिवाय चालू केली की काही सेकंदांत रबर तापतं आणि पाकळ्यांच्या कडा जळतात. मग नवीन इम्पेलर टाकायचा आणि तुटलेले तुकडे आतल्या वाटांतून चिमट्याने वेचत बसायचं.

हा पंप किती राबतो याचा एक जुना दाखला आहे. मर्क्युरीचे संस्थापक कार्ल कीकहेफर यांनी १९५७ साली फ्लोरिडातल्या आपल्या गुप्त चाचणी तळ्यावर, ज्याला त्यांनी लेक एक्स असं नाव दिलं होतं, दोन बोटी गोल गोल फिरवायला सोडल्या. त्यांच्यावर साठ हॉर्सपॉवरच्या मार्क ७५ मोटरी. इंधन भरायचं तेही चालत्या बोटीत. २५,००० मैल, म्हणजे पृथ्वीचा अख्खा घेर, त्या न थांबता ३४ दिवसांत धावल्या. मिनिटाला पाच हजार फेरे धरले तर मोटरीच्या दांड्याचे, आणि दांड्यावरच्या इम्पेलरचे, जवळपास २५ कोटी फेरे झाले. वरच्याच हिशेबाने प्रत्येक मोटरीच्या पोटातून सुमारे सात लाख लिटर पाणी गेलं असणार. त्या बोटींचा सरासरी वेग होता ताशी पन्नास किलोमीटरच्या आत, आणि त्या वेगाला हा पंप राजा असतो.

वेग वाढला की मात्र पाण्याचा स्वभावच पालटतो.

वाहत्या पाण्यासमोर भोक धरलं की पाणी त्यात शिरायला बघतं, आणि त्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, दाब चौपट. एविनरूडच्या काळातली होडी ताशी ८ किलोमीटरने जायची असं धरलं, तर पुढे तोंड असलेल्या भोकावर दाब यायचा २५ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. ताशी ८० किलोमीटरला तोच दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो. ताशी १६० ला १० किलो. हा समुद्रात १०० मीटर खाली गेल्यावर जाणवणारा दाब झाला, आणि इथे तो पृष्ठभागापासून वीतभर खोलीवर आहे. ताशी २२५ ला २० किलो: २०० मीटर खोली. अमेरिकेतल्या अॅरिझोनात पार्कर इथे ३० नोव्हेंबर १९८९ रोजी बॉब वॉर्टिंगर यांनी आउटबोर्ड बोट ताशी १७६.५५६ मैलांनी, म्हणजे २८४ किलोमीटरने नेली. तिथे हाच आकडा येतो ३१ किलोंच्या वर. एविनरूडच्या होडीहून वेग पस्तीस पट, दाब बाराशे पटींहून जास्त.

मेकॅनिकांच्या पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचाला पौंडांत, सांगायचं तर ताशी १६० ला १४३ पीएसआय. आणि अशा मोटरीला आतून हवा असतो साधारण १० ते २५ पीएसआय. मोटारीच्या टायरात याहून जास्त असतो.

मग एवढा दाब असताना मोटर तहानते का? कारण तिची भोकं बाजूला असतात, समोर नाही. आणि बाजूला काय घडतं ते पाहून मी स्वतः हा हिशेब दोनदा केला, इतका तो पहिल्यांदा खोटा वाटतो. पाणी गिअरकेसच्या फुगवट्यावरून वळताना वेग घेतं आणि त्या जागी त्याचा दाब घटतो. ताशी १६० ला समोरचा दाब १० किलो. बाजूला त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याने दाब उतरला तरी तो १ किलोने उतरला. आणि पृष्ठभागाजवळ पाण्यावर मुळात वातावरणाचा दाब आहे तोच मुळी १ किलो. वजाबाकी शून्य. तीस अंशांचं पाणी ०.०४३ किलोच्या दाबाला उकळतं. म्हणजे गार समुद्र, गार धातू, आणि मधलं पाणी उकळून त्याची वाफ झालेली. ताशी १३०-१५० किलोमीटरच्या पुढे साध्या घाटाच्या गिअरकेसभोवती अशी वाफेची आणि वरून ओढल्या गेलेल्या हवेची खोळच तयार होते. पंखा त्या खोळीत सापडला की त्याची पकड सुटते आणि बोट एकाएकी एका बाजूला झटका देते. या प्रकाराला ब्लोआउट म्हणतात. बाजूची भोकंही त्याच खोळीत. इम्पेलर इमाने इतबारे ओढतो आहे, आणि ओढतो आहे वाफ.

यात दुसरी भर माणूसच घालतो. पाण्यात बुडालेला प्रत्येक चौरस सेंटिमीटर वेगाला महाग पडतो. १२ सेंटिमीटर व्यासाच्या गिअरकेसचा समोरचा चेहरा ११३ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १० किलो. सपाट थाळी असती तर ११०० किलोंहून जास्त अडथळा झाला असता. घाट चांगला असल्यामुळे त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे शंभरेक किलो धरा. ताशी १६० ने शंभर किलो ओढायला सुमारे ६० हॉर्सपॉवर लागतात. नुसती गिअरकेस पाण्यातून ओढायला! साहजिकच शर्यतवाला मोटर वर उचलतो. इंचाइंचाने उचलत पंख्याचा दांडा बोटीच्या तळाच्या रेषेत आणतो, पंखा अर्धा पाण्यात अर्धा हवेत. बाजूची भोकं आता वाफेतही नाहीत, सरळ वाऱ्यावर आहेत.

जुन्या रेसिंग मोटरींवर यावर सरळसोट इलाज असे: पंपच काढून टाकलेला, आणि पंख्याच्या मागे पाण्यात एक वाकडी नळी. पंखा पाणी मागे फेकतो, त्यातलं थोडं नळीत घुसतं, तेच वर सिलिंडरांना. बोट उभी असताना पाणी नाही, पण शर्यतीत बोट उभी राहतेच कुठे. आजचा इलाज नोज कोन. गिअरकेसचं बोथट नाक कापून किंवा त्यावर वेल्डिंग करून लांब, टोकदार नाक बसवायचं. त्याने वाफेची खोळ उशिरा तयार होते. आणि त्याच नाकात, अगदी खालच्या अंगाला, पाण्याची नवी भोकं पाडायची, कारण मोटर कितीही वर उचलली तरी नाकाचा तेवढा भाग पाण्यात राहतो. बाजूची जुनी भोकं बुजवायची, नाही तर समोरून आलेलं पाणी बाजूने गळून जातं किंवा तिथून हवा शिरते. काम दिसायला सोपं आहे आणि हौशी माणूस ते अंगणात करूनही टाकतो.

आणि मग पूर येतो.

१० मिलिमीटरचं एक भोक घ्या, करंगळीचं टोक जाईल एवढं. ताशी १६० ने त्याच्यासमोर सेकंदाला साडेतीन लिटर पाणी येऊन ठेपतं, मिनिटाला दोनशे. मोटरीला हवं आहे त्याच्या दुप्पट, आणि भोक एकच. पंपाची गरजच संपली. उलट पंपाच्या मागून १४३ पीएसआयचा रेटा आहे, आणि तो जाणार आहे अशा पोकळ्यांत ज्या १५-२० पीएसआय गृहीत धरून ओतल्या आणि बांधल्या आहेत. सिलिंडरांच्या बाजूला पाण्याच्या पोकळीवर झाकण असतं, बारीक बोल्टांनी कसलेलं, मध्ये कागदी गॅस्केट. ते झाकण १० बाय २० सेंटिमीटरचं धरा. नेहमीच्या २० पीएसआयला त्या झाकणाला आतून २८० किलोंचा रेटा बसतो. पूर्ण दाब आत पोहोचला तर दोन टन. रबरी नळ्या निसटतात, झाकणं फुगतात. सर्वांत वाईट म्हणजे सिलिंडरच्या माथ्याचं गॅस्केट एखाद्या ठिकाणी दम सोडतं आणि पाणी आत सिलिंडरमध्ये उतरतं. पिस्टन वर आला की माथ्याखाली फार थोडी जागा उरते. अर्धा कप चहाही मावणार नाही एवढी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दहा हजार फेऱ्यांवर एक फेरा सहा सहस्रांश सेकंदाचा. तेवढ्या अवधीत वर येणाऱ्या पिस्टनला पाण्याची भिंत लागली की कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा मोटरीच्या अंगातून बाहेर डोकावतो.

म्हणून खरी कारागिरी आहे ती पाणी टाकून देण्याची. पहिली जागा पॉपेट व्हॉल्व्ह: एक पडदा, एक स्प्रिंग. दाब ठरल्यापेक्षा वाढला की स्प्रिंग दबते आणि पाणी सिलिंडरांना वळसा घालून खाली जातं. कारखान्यातली स्प्रिंग कारखान्यातल्या वेगासाठी असते, म्हणून ती बदलतात. दुसरी जागा माथ्यावरून काढलेल्या जादा नळ्या. त्या मोटरीच्या झाकणातून बाहेर आणून सरळ मागे सोडतात. अशी मोटर जाताना मागे पाण्याचे दोन-तीन फवारे सोडत जाते आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी फुटलं. तिसरी जागा नाकातली भोकंच: ती मोठी झाली म्हणून कोणी नाक बदलत नाही, आतल्या वाटेवर बारीक छिद्राची चकती बसवतात. दाब खायचं काम ती करते.

त्या माथ्यावरच्या नळ्यांचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मला पाणी टाकण्याहून महत्त्वाचा वाटतो. आउटबोर्डमध्ये सिलिंडर एकावर एक आडवे रचलेले असतात. खालून पाणी चढतं, वर हवा आणि वाफ साचते. वरच्या सिलिंडरांभोवती पाण्याऐवजी वाफेचा बुडबुडा बसला की तिथली उष्णता जायला वाट राहत नाही. एक लिटर पाण्याची वाफ १,६०० लिटरहून जास्त जागा मागते, त्यामुळे बुडबुडा एकदा बसला की स्वतःच स्वतःला मोठं करतो. सर्वांत उंच जागेवरून घेतलेली बोटाएवढी नळी हा बुडबुडा काढून टाकते. गेजवर दाब उत्तम आणि वरचा पिस्टन वितळलेला, हे दृश्य जिथे दिसतं तिथे बहुधा ही नळी नसते.

पाणी पुरेसं तापेपर्यंत त्याची वाट अडवणारा थर्मोस्टॅट काढून टाकायचा की नाही यावर मात्र या मेकॅनिकांत भांडणं आहेत, आणि माझं मत काढणाऱ्यांच्या विरोधात झुकतं. गार पाणी जितकं जास्त तितकं बरं, असं त्यांना वाटतं. पिस्टनला विचारा. तो अॅल्युमिनियमचा, ८९ मिलिमीटरचा. दर १० अंशांना सुमारे ०.०१८ मिलिमीटर फुगतो. तो ज्या लायनरमध्ये धावतो ती बिडाची असेल तर १० अंशांना ०.०१ मिलिमीटर. दोघांमध्ये फट असते मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, त्याहून किंचित जास्त. आता पिस्टन आगीत आहे आणि लायनरबाहेरचं पाणी ६० ऐवजी ३० अंशांचं. लायनर ०.०३ मिलिमीटरने आवळली. फटीचा चौथा ते तिसरा हिस्सा गेला. तेलाची साय राहायची तीच जागा.

आणि सर्वांत धोक्याचा क्षण पूर्ण वेगाचा नसतो. चालकाने वळणाआधी थ्रॉटल सोडला की आग एका क्षणात विझते, पण बोट अजून ताशी १६० ने चाललेली असते. नाकातल्या भोकाला थ्रॉटलशी काही देणंघेणं नाही. त्याला वेग कळतो. तापून फुगलेले पिस्टन, आणि त्यांच्याभोवती शंभर मीटर खोलीच्या दाबाने घुसणारं गार पाणी. लायनर पिस्टनच्या आधी आवळते. पिस्टन चिकटतो, मोटर ठप्प होते, पंखा जागीच रोखला जातो. पाणी कमी पडून जशी मोटर चिकटते तशीच ही. पण उघडून पाहिली तर जळल्याची खूण नाही, पिस्टनच्या बाजूंना उभे ओरखडे फक्त. अशी मोटर हातात घेऊन पाणी वाढवणारा मेकॅनिक पुढच्या आठवड्यात तीच मोटर पुन्हा उघडतो.

उलट टोक लाटेवर येतं. ताशी २२५ ला बोट अर्धा सेकंद हवेत राहिली तर ३१ मीटर उडाली. त्या अर्ध्या सेकंदात ५०० स्फोट झाले आणि आत नवीन पाणी आलं शून्य. शंभर किलोज्यूल उष्णता. सिलिंडरांभोवती दोन लिटर पाणी आहे असं धरलं तर ते १२ अंशांनी तापलं. अर्धा सेकंद चालतो, एक सेकंदही निभावतो. दोन सेकंदांना ६० अंशांचं पाणी उकळीला टेकतं. इतक्या बारीक हिशेबावर ही मोटर जगते, म्हणून थर्मोस्टॅट काढायचाच असेल तर त्या जागी मोजून छिद्र पाडलेली चकती तरी ठेवावी, म्हणजे पोकळ्या पाण्याने भरलेल्या राहतात.

या सगळ्या फेरफारांत सर्वांत स्वस्त वस्तू आहे पाण्याच्या दाबाचं गेज: एक बारीक नळी आणि एक काटा, चालकाच्या समोर. हजारो रुपयांचं नाक बसवून गेज न लावणारे लोक आहेत, त्यांना काय म्हणावं. गेज असलं की काम असं चालतं. शांत पाण्यात पूर्ण वेगाला काटा २० वर आहे. मोटर अर्धा इंच वर घ्या, पुन्हा धावा: वेग दोन-तीन किलोमीटरने वाढलेला, काटा १८. आणखी अर्धा इंच: वेग वाढला, काटा १५. आणखी अर्धा इंच, आणि काटा १५ वरून एकदम ६ वर येऊन थरथरायला लागतो. दाब हळूहळू उतरत नाही, कोसळतो, कारण भोक पाण्यात असतं किंवा हवेत असतं. शेवटचा अर्धा इंच परत खाली घ्यायचा आणि तिथे बोल्ट कसायचे. मग थ्रॉटल सोडून काटा किती वर उसळतो ते बघायचं. ३० च्या पुढे गेला तर पॉपेटची स्प्रिंग आणखी हलकी.